शनिवारी सहापर्यंत मुदत

वाचनालयाच्या संगणक कक्षात बसणारे सर्व सभासद, स्पर्धा परीक्षेची मुलंमुली, ऑनलाइन फॉर्म भरायला येणारे पालक आणि दर तीन महिन्यांनी 'मशीन साफ करून देतो' म्हणत पेन ड्राइव्ह घेऊन येणारे दुरुस्तीवाले भाऊ, सर्वांना कळवण्यात येतं की कक्षातल्या सहा यंत्रांचं होम पेज गेल्या पंधरवड्यात अकरा वेळा बदललं गेलं. अकराही वेळा मी ते पुन्हा जागेवर आणलं. बाराव्यांदा आणणार नाही. ज्यानं जे काही यंत्रात घातलं असेल त्यानं शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत माझ्या टेबलाशी येऊन सांगावं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, वहीत नाव नाही, वर चहा माझ्याकडून. सहानंतर आलात तर चहाही नाही आणि सवलतही नाही.

दोन ओळींची सूचना याआधी तीनदा लावून झाली. दुसऱ्या सूचनेतल्या 'कृपया'ला कुणीतरी बॉलपेननं शिंगं काढली. ती सूचना मी अजून जपून ठेवली आहे, अक्षराशी ताडून पाहायला. पण दोन ओळींनी भागत नाही हे मान्य, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो. तुम्ही म्हणता, होम पेज बदललं तर काय आकाश कोसळलं? गेल्या मंगळवारी ते जवळजवळ कोसळलं होतं, ते आधी ऐका.

आपल्या यंत्रांवर ब्राउझर उघडला की एक साधं पांढरं पान यायला हवं. ते मी स्वतः बनवलेलं आहे. दिसायला ओबडधोबड आहे, त्याबद्दल टोमणे ऐकून झालेत. त्यावर मोठ्या अक्षरांत वीस दुवे आहेत: सातबारा, एमपीएससी, एसटीचं आरक्षण, वीजबिल, मराठी विश्वकोश वगैरे. एकाही माणसाला काही शोधावं लागू नये, एवढ्याचसाठी ते पान. मंगळवारी एक आजोबा चार नंबरच्या यंत्रावर बसले. पांढरं पान आलंच नाही. आलं ते रंगीत भिंगाचं चित्र असलेलं, कधी नाव न ऐकलेलं एक शोधपान. आजोबांनी एकेक अक्षर शोधत 'सातबारा' टाइप केलं. वरचे चारही निकाल जाहिराती. पहिल्यावर बोट दाबलं, पान उघडलं, डोक्यावर तिरंगी पट्टी, खाली मोबाइल नंबरची चौकट आणि दीडशे रुपये शुल्क. सरकारी साइटवर सातबारा नुसता पाहायला पैसे पडत नाहीत आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये लागतात. आजोबांनी नंबर टाकून झाला होता. मोबाइल वाजला, तेव्हा त्यांनी खुर्चीतूनच मोठ्यानं विचारलं, "मास्तर, हा सहा आकडी नंबर कुठं घालायचा?" मोठ्यानं विचारलं म्हणून वाचले. मनातल्या मनात विचारणारे आणखी किती जण त्या खुर्चीत बसून गेले, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

तेव्हा होम पेज हा नटण्यामुरडण्याचा मामला नव्हे. ते पळवणाऱ्यांना त्याची किंमत चांगली ठाऊक आहे. त्या पानावरून होणाऱ्या शोधातल्या जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की पानवाल्याला पैसे मिळतात. म्हणून पहिलं पान कुणाचं यावरून वीस वर्षांहून जास्त काळ मारामारी चालू आहे. 2003 च्या सुमारास कूलवेबसर्च नावाची टोळधाड इंटरनेट एक्सप्लोररचं सुरुवातीचं पान पळवायची. तिच्यावर मेरिन बेलेकॉम या डच विद्यार्थ्यानं सीडब्ल्यूश्रेडर नावाचं अवजार काढलं, आणि ती टोळी दर थोड्या दिवसांनी नवं रूप घेऊन पुन्हा यायची. पुढं हाच धंदा कोट घालून आला. जावा हे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना 'आस्क टूलबारही टाका' या चौकटीत आधीच खूण केलेली असायची. आपल्याकडे ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदारांना डिजिटल सहीसाठी जावा लागायचं, त्यामुळे या भानगडीशी आपली ओळख जुनी आहे. 2013 मध्ये एड बॉट या तंत्रपत्रकारानं दाखवून दिलं की तो टूलबार जावाबरोबर लगेच येत नाही, दहा मिनिटं दबा धरून बसतो आणि मग गुपचूप इन्स्टॉल होतो. म्हणजे तोवर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन पाहणाऱ्याला काहीच सापडू नये. घरधनी झोपल्यावर शिरणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.

2017 च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं फायरबॉल नावाचं असंच एक सॉफ्टवेअर उघडकीस आणलं. बीजिंगच्या राफोटेक कंपनीचं हे काम, होम पेज आणि सर्च इंजिन बदलणारं, फुकट सॉफ्टवेअरच्या पोटातून येणारं. जगात 25 कोटी संगणक बाधित असा त्यांचा अंदाज होता आणि सर्वांत मोठा वाटा भारताचा, अडीच कोटींच्या वर. मायक्रोसॉफ्टनं हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं, तेही सांगून ठेवतो. पण आकडा निम्मा धरला, पाव धरला, तरी आपला तालुका त्यातून सुटला असेल असं मला वाटत नाही.

आता चार नंबरचं शवविच्छेदन. तुमच्यापैकी जे म्हणतात 'सर, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं', त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आधी मी सेटिंग तपासलं. क्रोममध्ये तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात: ब्राउझर सुरू होताना उघडणारं पान, घराच्या चित्रावर दाबल्यावर येणारं पान आणि नवा टॅब. एक बदलायचं आणि दुसरं बदललं नाही म्हणून बोंब मारायची, अशा निम्म्या तक्रारी असतात. 'जिथे थांबलात तिथून पुढे चालू' हा पर्याय निवडलेला असेल तर तुमचं लाडकं पान येणारच नाही, आधीचे टॅब येतील. त्यात कुणाचा गुन्हा नाही. चार नंबरवर मात्र तिन्ही ठिकाणी तेच भिंगवालं पान होतं. मी बदललं, ब्राउझर बंद केला, उघडला. पान माझंच आलं. खूश झालो. यंत्र बंद करून चालू केलं, तर भिंग परत.

मग एक्स्टेंशनची यादी उघडली. 'फोटो रिसायझर' नावाचं एक सापडलं. त्याच्या परवानग्यांत लिहिलं होतं की ते सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू शकतं. फोटो लहान करायला सगळ्या वेबसाइट वाचायची गरज काय? तुमच्या घरी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस कपाटाची किल्ली मागायला लागला, तर द्याल? बरं, काढून टाकावं म्हटलं तर 'रिमूव्ह'चं बटण निर्जीव. मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ, म्हणजे या ब्राउझरचा कारभार तुमच्या संस्थेकडे आहे. आमची संस्था म्हणजे ग्रंथपाल बाई, शिपाई, मी आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर झोपणारी मांजर. आमच्यापैकी कुणीही असला कारभार पाहत नव्हतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं लिहून एंटर दाबलं की कुठले हुकूम लागू आहेत ते दिसतं. तिथे हे एक्स्टेंशन सक्तीनं बसवण्याचा हुकूम सापडला. शाळा-कंपन्यांसाठी असलेली ही सोय कुणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहून ठेवली होती. ती नोंद खोडली, एक्स्टेंशन गेलं.

संध्याकाळी भिंग पुन्हा हजर. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चित्रावर उजवं क्लिक केलं, 'प्रॉपर्टीज' पाहिल्या. 'टार्गेट'च्या चौकटीत क्रोम डॉट ईएक्सई आणि बंद अवतरणचिन्ह यांच्यापुढे, एक जागा सोडून, त्या भिंगाचा पत्ता शेपटीसारखा चिकटवलेला. म्हणजे सेटिंग शंभर वेळा बदला, दारातून आत येतानाच हा पत्ता हातात घेऊन येतो. शेपूट कापली. टास्कबारवरच्या आणि स्टार्ट मेनूतल्या चित्रांनाही तीच होती, तीही कापली. दुसऱ्या दिवशी तिन्ही शेपट्या उगवलेल्या. शेवटी टास्क शेड्यूलर उघडला तेव्हा मूळ सापडलं: दर वेळी लॉगइन झालं की चालणारं एक काम, नाव अगदी साळसूद, शेवटी 'अपडेटर'. ते ज्या फाइलला उठवत होतं ती अ‍ॅप डेटाच्या फोल्डरात लपली होती. आधी काम खोडलं, मग फाइल, मग शेपट्या, मग ब्राउझर रीसेट. या क्रमानं. उलटा क्रम लावला तर रात्रभर गवत कापत बसाल. वर अ‍ॅडवक्लीनर आणि डिफेंडर दोन्ही फिरवले. दोन दिवस गेले माझे, आणि दिवाळी अंकांची नोंद तशीच राहिली.

हे झाल्यावरही गुरुवारी दुपारी पुन्हा घोटाळा झालाच, आणि त्याचं कारण ऐकून तुम्ही चकित व्हाल. यंत्र स्वच्छ होतं. एका मुलीनं येऊन क्रोममध्ये स्वतःच्या खात्यानं साइन इन केलं आणि सिंक चालू केलं. तिच्या घरच्या लॅपटॉपवरची एक्स्टेंशनं, होम पेज, सगळं बिऱ्हाड पाच मिनिटांत आमच्याकडे उतरलं. जाताना ती साइन आउट करायला विसरली, म्हणजे तिचे पासवर्डही आमच्याकडे मुक्कामाला. घरचा आजार सार्वजनिक जागी आणू नका. मुलीचं नाव लिहीत नाही. तिनं घरी जाऊन तो लॅपटॉपही साफ करावा आणि पासवर्ड बदलावेत, आजच.

फायरफॉक्सवाल्यांनी हुरळून जाऊ नये. त्यातही प्रोफाइलच्या फोल्डरात युजर डॉट जेएस नावाची फाइल कुणी टाकून ठेवली, तर ती दर सुरुवातीला तुमच्या सेटिंगवर बोळा फिरवते. ती खोडा आणि मग सेटिंग पुन्हा हवं तसं करा. प्रेफ्स डॉट जेएस ही फाइल 'रीड ओन्ली' झाली असेल तर बदल दिसतो पण टिकत नाही. आणि विंडोजनंच 'टेम्पररी प्रोफाइल'नं आत घेतल्याचा संदेश दाखवला असेल तर ब्राउझरला दोष देऊ नका, बाहेर पडताना त्यातलं सगळंच पुसलं जातं. मला बोलवा.

इथे माझ्याबद्दल एक कबुली. दोन नंबरच्या यंत्राचं पान बदलतं म्हणून मी गेल्या महिन्यात एका पोलीस भरतीच्या मुलाला चारचौघांत फाडून खाल्लं होतं. त्याचा काहीही दोष नव्हता. त्या यंत्रावर मीच मागे एक 'गोठवणारं' सॉफ्टवेअर बसवलं होतं. यंत्र रीस्टार्ट झालं की सगळं जुन्या स्थितीला जातं, चांगला बदलही आणि वाईटही. मी ते बसवल्याचं विसरलो. मुलगा तेव्हापासून आलेला नाही. त्यानं यावं. माफी मी चारचौघांतच मागेन.

आता मुख्य आरोपी. चार नंबरमध्ये हे शिरलं ते फोटोमुळे. सरळसेवेचा फॉर्म भरायचा, फोटो अमुक केबीच्या आत हवा, सही तमुक केबीच्या आत हवी, शेवटची तारीख उद्या, रात्रीचे आठ वाजलेले, साइट लटकलेली. अशा वेळी 'फोटो कमी करा फ्री' असं शोधून जे पहिलं हिरवं बटण दिसेल त्यावर तुम्ही दाबता, हे मला समजतं. मी रागावलो आहे तरी समजतं. पण विंडोजमध्ये पेंट आहे. फोटो उघडा, 'रीसाइझ'मध्ये पिक्सेल निवडून आकडा कमी करा, जेपीईजी म्हणून सेव्ह करा. एकदा बसून शिकवतो, मिनिटभराचं काम. टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठीही तेच. मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आहे, तो सेटिंगमधून चालू होतो. 'मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड'च्या साइटवर तीन हिरवी बटणं असतात आणि त्यातली दोन जाहिरातीची असतात. इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडा, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' असं आरती म्हटल्यासारखं दाबत जाऊ नका, आधीच केलेल्या खुणा काढा. आणि 'तुमचं सर्च बदललं गेलं आहे, पूर्वीचं परत आणायचं का?' असं क्रोम स्वतः विचारतो, तेव्हा 'चेंज इट बॅक' दाबायचं असतं. चार नंबरवर कुणीतरी 'कीप इट' दाबलं होतं. घरात चोर आला, कुत्रा भुंकला, आणि आपण कुत्र्याला गप्प केलं.

दुरुस्तीवाले भाऊ, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या त्या 'ऑल इन वन' पेन ड्राइव्हमधून आमच्या यंत्रांत तीन मीडिया प्लेयर, दोन पीडीएफ कन्व्हर्टर आणि एक 'ड्रायव्हर बूस्टर' आला. कुणीही मागितला नव्हता. असं बसवून देण्याचे पैसे मिळतात हे मला ठाऊक आहे. 2016 मध्ये गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी हा 'दर इन्स्टॉलमागे पैसे'चा बाजार उलगडून दाखवला होता. एका इन्स्टॉलला दहा सेंटपासून दीड डॉलरपर्यंत भाव. तुम्ही ते पैसे घेता असा माझा आरोप नाही. कदाचित तुमच्या पेन ड्राइव्हवरच कुणीतरी जेवत असेल. पण यापुढे मूळ कंपनीच्या साइटवरून, माझ्या डोळ्यांदेखत उतरवलेल्या सॉफ्टवेअरखेरीज काहीही बसणार नाही, आणि मागच्या भेटीचं बिल यादी मिळेपर्यंत अडवून ठेवलं आहे. काय काय टाकलं त्याची यादी, तुमच्या सहीनिशी.

कायद्याचंही एकदाच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात 'कंटॅमिनंट' घालणं येतं, आणि त्याच्या व्याख्येत संगणकाचं नेहमीचं काम बळकावणाऱ्या सूचनाही बसतात. भिंगवाल्या पानाचं याहून नेमकं वर्णन मला जमलं नसतं. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम 66: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रात्री आठला फोटो कमी करणाऱ्या पोराला मी तुरुंगात धाडणार नाही. हेतू वेगळा दिसला तर मात्र मागेपुढे पाहणार नाही. आणि बनावट साइटवर कुणाचे पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा. त्यात मिनिटांचा हिशेब असतो.

सोमवारी सकाळी दहापासून काय होईल ते आता ऐका. आजवर सहाही यंत्रं एकाच अ‍ॅडमिन खात्यावर चालत होती. रजिस्ट्रीत लिहायला म्हणूनच कुणालाही जमलं. ती चूक सर्वस्वी माझी, आणि ती सोमवारी संपते. सभासदांना साधं खातं मिळेल, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बंद लिफाफ्यात ग्रंथपाल बाईंच्या कपाटात. क्रोम निघेल. होम पेज कुलूपबंद करायला मी आधी त्यालाच हुकूम लिहिणार होतो, पण संस्थेच्या डोमेनला न जोडलेल्या विंडोज यंत्रांवर क्रोम होम पेजचा हुकूम मानतच नाही. याच लुटारूंनी ती सोय इतकी वापरली की ती सुटी यंत्रं वापरणाऱ्यांसाठी बंद झाली. फायरफॉक्स अजून ऐकतो. त्याच्या फोल्डरात पॉलिसीज डॉट जेसन ठेवून पांढरं पान कुलूपबंद करणार आहे आणि सगळी एक्स्टेंशनं बंद. ब्राउझर बंद होताच तुमचा इतिहास आणि लॉगइन पुसले जातील. पेन ड्राइव्ह आधी माझ्या टेबलावर तपासून मगच यंत्राला. ज्यांना अमुकच ब्राउझर लागतो, त्यांनी तो घरी वापरावा.

हे कुलूप कुणी उघडायचा प्रयत्न केला, तर सहा महिने कक्ष बंद, फॉर्मची शेवटची तारीख असली तरी. आधी सांगितलं नव्हतं असं मग म्हणू नका. 'माझ्या काकांची कमिटीत ओळख आहे' हे वाक्य मी गेल्या वर्षी चार वेळा ऐकलं आहे. त्या काकांना या सूचनेची प्रत दिली आहे, त्यांची सही घेतली आहे.

शनिवारी मी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा टेबलाशी असेन, जेवणाची वेळ दीड ते दोन. चार नंबरचं यंत्र तोवर बंद राहील. त्याची वायर काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. पाच नंबरची वायर काढून चारला जोडण्याचा प्रकार काल झाला, तो पुन्हा होऊ नये.

(संगणक कक्ष)